घरची माणसं आहेत की!

स्मृतिभ्रंशाचा विषय शिरूर-दौंडकडे कुठेही काढा, दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, 'वय झालं की व्हायचंच.' आणि दुसरं, 'घरची माणसं आहेत की, बघतात.' दोन्ही मायेपोटी बोलली जातात. तरीही आमच्या या दोन तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि त्यांची उस्तवार करणाऱ्या बायकांचं फार मोठं नुकसान या दोन वाक्यांनी केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्याच्या पाठीशी 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण उभी असते. उतारवयात एखादं नाव पटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही, हे खरं. पण रोजच्या वाटेवर भांबावून उभं राहणं, चहा पिऊन कप खाली ठेवल्याबरोबर 'मला चहा दिलाच नाही' म्हणून रुसणं, जन्मभर बाजारहाट केलेल्या बाईला नोटा न ओळखता येणं, ही वयाची लक्षणं नाहीत. हे दुखणं आहे. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने ज्या बाईच्या मेंदूतले बदल जगापुढे मांडले, ती त्याच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा ५१ वर्षांची होती. भारतभरच्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना हा आजार आहे. उरलेल्या ९२ टक्क्यांहून अधिक लोकांना तो नाही. वयामुळे व्हायचंच असतं तर त्यांनाही झाला असता.

'व्हायचंच' म्हटलं की तपासणीच खुंटते, आणि खरा घात तिथे होतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉइड मंदावली, रक्तातलं सोडियम उतरलं, तरी माणूस विसरायला लागतो, बरळतो. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार बसला आणि मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलं, तरी तेच होतं. खोल नैराश्यही असंच दिसतं. यांतलं बरंचसं वेळेवर कळलं तर सुधारतं. शिवाय 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचं धूम्रपान, कमी शिक्षण, एकटेपणा, बहिरेपणा, अधू नजर अशी चौदा कारणं मोजून सांगितलं की ती आवरली तर जगातले जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. ज्या आजीचा मोतीबिंदू आणि कान दोन्ही 'आता काय करायचंय' म्हणून राहून गेले, तिच्या बाबतीत 'व्हायचंच' हे निदान कुणी केलं?

दुसरं वाक्य जास्त बळकट आहे, म्हणून तो पूर्वपक्ष नीट मांडतो. शहरात बंद फ्लॅट, तर गावात ओसरी, शेजार, पार. म्हातारं माणूस भरकटलं तरी कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडतं. चेहरे ओळखीचे, आवाज ओळखीचे, गोठ्यातली गुरंही ओळखीची, आणि हे रुग्णाला खरोखर मानवतं. वृद्धाश्रमाचं नाव काढलं तरी पोटात कालवतं, तेही खोट्या अभिमानाने नव्हे. हे सगळं मला मान्य आहे.

पण ते गाव आता कुठे उरलं आहे? शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावला कारखाने आले, भाड्याच्या खोल्या उठल्या, निम्मी आळी नवी झाली. आजोबा कुणाचे, हे शेजारच्या खोलीतल्या पोराला ठाऊक नसतं. शिरूर तालुक्यात उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे आणि पहाटे दार उघडून बाहेर पडलेलं म्हातारं माणूस त्याच फडाच्या कडेने चालत असतं. दौंडकडे खडकवासल्याचा कालवा आहे, सोलापूर महामार्ग आहे, रेल्वेचे रूळ आहेत, कठडा नसलेल्या विहिरी आहेत. 'गावात कुठे हरवणार' असं म्हणणाऱ्याने ही यादी डोळ्यांपुढे आणावी. शिवाय त्याच देशव्यापी पाहणीत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळलं. हा पुण्यातल्या सोसायट्यांचा आजार आहे, ही समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

आणि 'घरची माणसं' म्हणजे नेमकं कोण? प्रत्यक्षात ते एकच माणूस असतं. बायको, सून किंवा लग्न न झालेली मुलगी.

माझे वडील दौंडला रेल्वेत गार्ड होते. आधी तारखा गेल्या, मग पैशाअडक्याचं भान, मग आमची नावं. ऐन मध्यरात्री उठून ते डबा मागायचे, ड्यूटी लागलीय म्हणायचे. आई उठायची, दिवा लावायची, 'गाडी लेट आहे, कॉलबॉय आला की उठवते' असं सांगून त्यांना निजवायची. घटकाभराने पुन्हा तेच. दिवस मावळला की स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी सोडा' हा धोशा. आंघोळीला नेलं की अंगावर धावून यायचे, आणि जिच्यावर उभ्या आयुष्यात आवाज चढवला नव्हता तिच्यावर हात उगारायचे. आईला स्वतःचा रक्तदाब होता, गुडघे होते. तिची झोप तुटली ती तुटलीच. भावाकडच्या लग्नाला तिला जाता आलं नाही, कारण त्यांना ठेवायचं कुणाजवळ? पाहुणे येत, हळहळत, 'तुझं पुण्य थोर' म्हणत. एक रात्र मी थांबतो, तू झोप, असं म्हणणारं त्यांत कुणी नव्हतं.

वडिलांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण १९७४ च्या मे महिन्यातला रेल्वे संप लख्ख आठवे. मेंदूचा नव्या आठवणी साठवणारा भाग बहुधा आधी बिघडतो, जुनं उशिरापर्यंत तग धरतं. सुमारे सतरा लाख रेल्वे कामगारांचा तो संप उभा करणारे जॉर्ज फर्नांडिस स्वतः पुढे अल्झायमरने ग्रासले गेले आणि २०१९ मध्ये गेले. त्यांचा ताबा कुणाकडे असावा, त्यांना कुणी भेटावं, यावरून घरच्यांचा आणि जवळच्यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढं मोठं नाव असूनही 'घरची माणसं बघतील' इतक्यावर ते प्रकरण मिटलं नाही. मग ज्या घरात सातबाऱ्यावरून आधीच धुसफूस आहे, तिथे विसरू लागलेल्या म्हाताऱ्याचा अंगठा कुठल्या कागदावर उठेल याची खात्री कोण देणार?

आणखी एक बोलणं खोडायचं आहे, कारण ते मला सगळ्यांत जास्त लागतं. 'आता ते ते राहिलेच नाहीत.' वडिलांना माझं नाव येत नव्हतं त्या दिवसांतही 'दौंडहून पुण्याला निघालो' एवढं म्हटलं की ते पुढे चालू करायचे: पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी. स्वर तोच, ठेका तोच. कधी मध्येच माझा हात हातात घ्यायचे. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण आपलं कुणीतरी जवळ बसलंय हे ठाऊक होतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेल्या संस्कृतच्या विद्वानाचं पांडित्य लोपतं, तरी हत्तीमागे गेलेल्या त्या परक्या म्हाताऱ्याला माहुताची बायको मूल मानून जपते. माणूस उरलेला असतो, म्हणून तर त्याला भय वाटतं, लाज वाटते, राग येतो. तो गेलाच असं धरलं की त्याच्याशी बोलणं थांबतं आणि त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलणं सुरू होतं.

मग करायचं काय? घराबाहेरच्या हातांनी सांभाळणं आमच्या मुलखाला परकं नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आणून मुक्ती सदन वाढवलं. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजी यांनी केईएम रुग्णालयाचं ग्रामीण काम १९७० च्या दशकात उभं केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्याची कामं शिकवली. आज दारोदार फिरणाऱ्या आशाताईंच्या छापील तक्त्यात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न आहेच: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न गावात पोचला आहे. 'हो' म्हणणाऱ्याला पाठवायचं कुठे, याची सोय दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी व्हायला हवी: रक्ताच्या तपासण्या, कान-डोळे, औषधांचा आढावा, आणि सांभाळणारीची स्वतःची तपासणीही.

दुसरी गोष्ट दिवसाची जागा. अंगणवाडीला गाव खोली देतं, तशीच एक खोली, दोन शिकवलेल्या बाया, दुपारचं जेवण. सकाळी सोडावं, संध्याकाळी न्यावं. वडील आमच्याच घरी राहिले असते, आणि आईला दुपारची झोप मिळाली असती.

पैशाचं कारण पुढे येईल, म्हणून कायद्याचंही सांगतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, दोन्हींतली मानसिक आजाराची व्याख्या भानाच्या आणि स्मृतीच्या गंभीर बिघाडाचा उल्लेख करते. म्हणजे प्रमाणपत्र मागायला आधार आहे, आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्चायचा असतो, त्यातही या घरांना वाटा मागता येतो. २०१७ च्या कायद्याने आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कुणी बोलावं, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्कही दिला आहे. तो वापरायचा तर निदान लवकर हवं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रस्ते आणि गटारांच्या जोडीने हा विषय लेखी मांडावा, आणि तो मांडायला रात्ररात्र जागणाऱ्या त्या बायकांनाच पुढे बोलवावं.