रॅम महागली, मग तुमच्या फोनमधलं कोणतं ॲप जगणार? सीग्रुप समजून घेऊया

२०२५च्या शेवटी रॅमच्या किमती भडकल्या. कारण अर्थातच एआय. डेटा सेंटरमधल्या एआय चिप्सना लागणारी खास मेमरी बनवण्यात कंपन्यांना जास्त पैसा आहे, त्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळतेय आणि फोन-लॅपटॉपच्या साध्या रॅमचा पुरवठा आटतोय. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशल’ या ब्रँडने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आपल्यासाठी याचा सरळ अर्थ असा, की बजेट फोनमधली ४ किंवा ६ जीबी रॅम इतक्यात कुठे जात नाही. ॲप्स मात्र बारीक व्हायचं नाव घेत नाहीत. जागा तेवढीच, गर्दी जास्त. मग कोणाला बसायला मिळणार, कोण दारात लटकणार आणि कोणाला मधेच उतरवणार, हे कोणीतरी ठरवतंच.

त्याचा अनुभव तुम्हाला रोज येतो. कार्डने पैसे भरताना ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात, परत आलात तर पेमेंटचं पान पहिल्यापासून. गाणं चालू असताना कॅमेरा उघडला, गाणं गप्प. औषधाची आठवण करून देणारं ॲप दोन दिवस मुकं. आपण ‘फोन हँग झाला’ म्हणून सोडून देतो. पण बहुतेक वेळा फोनने विचारपूर्वक, नियमानुसार त्या ॲपला बाजूला केलेलं असतं. त्या नियमांच्या मुळाशी लिनक्स कर्नलची एक सोय आहे. तिचं नाव कंट्रोल ग्रुप, थोडक्यात सीग्रुप.

एकेका प्रोसेसला आवरून भागत नाही

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. सीपीयू, रॅम, स्टोरेज हे सगळं त्याच्या ताब्यात. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या दृष्टीने एक किंवा अनेक ‘प्रोसेस’ असतो, आणि अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नलच आहे.

आधी लिनक्समध्ये मर्यादा घालायची ती मुख्यतः एकेका प्रोसेसवर. अडचण काय, ते सोसायटीच्या पाण्यावरून बघा. समजा पाणी माणशी वाटलं जातं. दहा जणांच्या फ्लॅटला दहा वाटे, एकट्या आजोबांना एक. इथपर्यंत ठीक. पण कॉम्प्युटरमध्ये माणसं फुकटात वाढवता येतात. एक प्रोसेस स्वतःच्या पन्नास मुलं-प्रोसेस तयार करू शकते आणि पन्नास वाटे घेऊन जाते. शेजारचा साधा प्रोग्रॅम आपल्या एका वाट्यावर रखडत बसतो.

उपाय सोसायट्यांनी शोधला तोच: प्रत्येक फ्लॅटला मीटर. घरात किती माणसं आहेत ते तुम्ही बघा, फ्लॅटचा कोटा ठरलेला.

गूगलमधले इंजिनिअर पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६मध्ये हे काम हाती घेतलं. आधी नाव होतं ‘प्रोसेस कंटेनर’. ‘कंटेनर’ या शब्दाचे भलतेच अर्थ निघत होते म्हणून २००७मध्ये ते बदलून ‘कंट्रोल ग्रुप’ केलं, आणि जानेवारी २००८च्या २.६.२४ या कर्नलमधून ही सोय सगळ्यांना मिळाली. गंमत म्हणजे पुढे २०१३मध्ये डॉकर आलं आणि ज्याला आज सगळं जग कंटेनर म्हणतं, ते याच सीग्रुपच्या जिवावर उभं राहिलं.

वापरायला ही सोय अगदी साधी आहे. गट म्हणजे एक फोल्डर. त्यातल्या एका फाइलमध्ये प्रोसेसचा नंबर लिहिला की ती प्रोसेस त्या गटात गेली. तिने पुढे मुलं काढली तर तीही आपोआप त्याच गटात. मेमरीच्या कमाल मर्यादेची एक फाइल, सीपीयूच्या वाट्याची दुसरी. सीपीयूचा वाटा १ ते १०,००० या आकड्यांत देता येतो आणि काहीच नाही लिहिलं तर १०० धरला जातो. एका गटाला १०० आणि दुसऱ्याला २०० दिले, तर ओढाताणीच्या वेळी दुसऱ्याला दुप्पट सीपीयू मिळतो. ओढाताण नसेल तर कोणालाच अडवलं जात नाही.

पहिल्या आवृत्तीत एक घोळ होता. सीपीयूसाठी गटांचं एक झाड, मेमरीसाठी दुसरं, डिस्कसाठी तिसरं. एकच प्रोसेस तीन ठिकाणी तीन वेगळ्या गटांत बसू शकायची. मग रॅममध्ये साठलेला डेटा नंतर डिस्कवर लिहिला गेला, की तो खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा तेच कळत नसे. म्हणून टेजुन हिओ यांच्या पुढाकाराने सगळ्यांसाठी एकच झाड असलेली दुसरी आवृत्ती आली. मार्च २०१६च्या ४.५ कर्नलमध्ये ती अधिकृत झाली. जुनीला निरोप द्यायला मात्र जवळपास दहा वर्षं लागली. सर्व्हरच्या जगात कुबरनेटीसने ऑगस्ट २०२४मध्ये पहिल्या आवृत्तीसाठी नवं काही करणं थांबवलं आणि बहुतेक लिनक्स मशीन सुरू करणाऱ्या सिस्टमडीने सप्टेंबर २०२५च्या २५८व्या आवृत्तीत तिचा आधारच काढून टाकला.

तुमच्या फोनमधले गट

अँड्रॉइड प्रत्येक ॲपला स्वतंत्र यूझर आयडी देतं आणि त्या आयडीच्या नावाने सीग्रुपचं फोल्डर तयार होतं. म्हणजे प्रत्येक ॲपचा फ्लॅट वेगळा. ॲप बंद करायचं झालं की त्या फोल्डरमधल्या सगळ्या प्रोसेस एकदम बंद करता येतात, एखादी मागे लपून राहत नाही.

त्याशिवाय सीपीयूच्या वाटपासाठी वेगळे गट आहेत. स्क्रीनवर आत्ता दिसणारं ॲप ‘टॉप-ॲप’ गटात. त्याला साधारणपणे सगळे कोअर मोकळे. मागे गेलेलं ॲप ‘बॅकग्राउंड’ गटात, आणि बऱ्याच फोनमध्ये या गटाला फक्त छोटे, कमी बॅटरी खाणारे कोअर दिलेले असतात. तुम्ही इन्स्टावरून व्हॉट्सॲपवर गेलात, की त्या क्षणी दोघांच्या गटांची अदलाबदल होते. तुम्हाला दिसतं ते फक्त ॲनिमेशन.

रॅम कमी पडली की वेगळा हिशोब सुरू होतो. अँड्रॉइड प्रत्येक प्रोसेसला एक अंक देतं. स्क्रीनवरच्या ॲपला ०, होम स्क्रीनला ६००, नुकत्याच सोडलेल्या ॲपला ७००, आणि मागे निवांत पडलेल्यांना ९०० ते ९९९. अंक जितका मोठा तितका आधी नंबर. हे काम एलएमकेडी नावाची सेवा करते.

तिने कधी हात उचलायचा, याचंही मोजमाप सुधारलं आहे. नुसती मोकळी रॅम किती उरली हे बघणं फसवं असतं. डिसेंबर २०१८च्या ४.२० कर्नलमध्ये फेसबुकच्या योहानेस वायनर यांचं पीएसआय हे मोजमाप आलं. रॅमची वाट बघण्यात प्रोसेसचा किती वेळ वाया गेला, हे ते सांगतं. स्टँडवर एसटीच्या किती गाड्या उभ्या आहेत ते मोजण्यापेक्षा प्रवासी किती वेळ ताटकळले ते मोजावं, तसं. अँड्रॉइड १०पासून एलएमकेडी पीएसआय वापरू शकते.

मारण्यापेक्षा गोठवलेलं बरं

ॲप मारलं की रॅम सुटते, पण पुढच्या वेळी ते शून्यातून उघडावं लागतं. त्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. वेळ जातो, बॅटरी जाते आणि अर्धवट भरलेला फॉर्म जाऊ शकतो.

२०१९च्या ५.२ कर्नलमध्ये सीग्रुपच्या नव्या आवृत्तीला ‘फ्रीझर’ मिळाला. गटाच्या फाइलमध्ये १ लिहिलं की त्यातल्या सगळ्या प्रोसेस जागच्या जागी थांबतात. मेमरी शाबूत, सीपीयू शून्य. ० लिहिलं की जिथे थांबल्या तिथून पुढे सुरू. अँड्रॉइड ११च्या काळात ही सोय फोनमध्ये येऊ लागली आणि अँड्रॉइड १४मध्ये गूगलने ती जास्त कडक केली. मागे गेलेलं ॲप थोड्याच वेळात गोठतं. ते बॅटरी खात नाही म्हटल्यावर जास्त ॲप्स मागे ठेवणं परवडतं. गूगलच्या बीटा चाचणीत ८ जीबी रॅमच्या फोनवर कोल्ड स्टार्ट २० टक्क्यांनी, तर १२ जीबीच्या फोनवर ३० टक्क्यांहून जास्त कमी झाले.

आता नीट बघा. हे आकडे ८ आणि १२ जीबीचे आहेत. गोठलेलं ॲप सीपीयू सोडतं, पण रॅम अडवून बसतंच. कॉम्प्रेस करून ती जागा थोडी कमी करता येते, शून्य नाही. ४ जीबीच्या फोनमध्ये गोठवून ठेवायलाही जागा लागते, आणि तीच नसते. त्यामुळे स्वस्त फोनमध्ये मारामारी चालूच राहते. रॅमच्या महागाईचा फटका इथे बसतो: एकाच अँड्रॉइड आवृत्तीचे दोन फोन, पण एकात ॲप झोपतं आणि दुसऱ्यात मरतं.

मग खोक्यावरच्या ‘८ जीबी + ८ जीबी’चं काय? त्यातले दुसरे ८ म्हणजे स्टोरेजचा तुकडा. न वापरलेली पानं तिकडे सरकवता येतात, पण स्टोरेज रॅमपेक्षा खूप हळू असतं. माळ्यावर सामान टाकलं म्हणजे खोली मोठी होत नाही. शिडी लावून उतरवायला वेळ लागतोच.

सोय कर्नलची, यादी कंपनीची

इथे खरा मुद्दा येतो. कर्नल गट करतो, मोजतो, अडवतो. पण कोणत्या ॲपला कोणत्या गटात बसवायचं, हे तो ठरवत नाही. ते आधी अँड्रॉइड ठरवतं आणि त्यावर तुमच्या फोनची कंपनी आपले नियम चढवते.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. मोकळं सोडलं तर प्रत्येक ॲपला दिवसभर लोकेशन, नेट आणि सीपीयू हवाच असतो, आणि दुपारपर्यंत बॅटरी संपली की शिव्या फोनला बसतात. मर्यादा हवीच.

त्रास आहे तो न सांगितलेल्या मर्यादेचा. काही कंपन्यांचे फोन अँड्रॉइडच्या मूळ नियमांपेक्षा जास्त आक्रमकपणे ॲप्स मारतात. झोपेची नोंद ठेवणारं एक ॲप बनवणाऱ्या डेव्हलपर्सनी तर ‘डोन्ट किल माय ॲप’ नावाची वेबसाइटच काढली, तिथे कंपनीनुसार हा त्रास आणि त्यावरचे उपाय लिहिलेले आहेत. मोठ्या, लोकप्रिय ॲप्सना आधीच सूट मिळते आणि लहान ॲप्स मार खातात, ही छोट्या डेव्हलपर्सची जुनी तक्रार आहे. विचार करा: एखाद्या कॉलेजच्या पोरांनी चांगलं औषध-स्मरण ॲप बनवलं, पण आजीच्या फोनमध्ये रात्री आठला ते मेलेलंच असेल, तर आजी ॲपलाच वाईट म्हणणार. डिलिव्हरी करणाऱ्याचं लोकेशन मधेच थांबलं तर जाब त्यालाच विचारला जाणार. फोनमध्ये काय झालं, ते दोघांनाही दिसत नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांना दुसरं उदाहरण आठवेल. अँड्रॉइड १२मध्ये ॲप्सनी काढलेल्या मुलं-प्रोसेसवर सगळ्या फोनमध्ये मिळून ३२ची मर्यादा आली आणि टर्मक्समध्ये चालू असलेलं काम ‘सिग्नल ९’ म्हणत धडाधड बंद पडायला लागलं. हेतू चांगला होता, पण मर्यादेची कल्पना कोणालाच नव्हती. बोंब झाल्यावर ती बंद करण्याची वाट मिळाली.

तुमच्या हातात काय आहे?

पहिलं, दर पाच मिनिटांनी ‘क्लिअर ऑल’ करू नका. गोठलेलं ॲप सीपीयू खात नव्हतं. ते पुसून तुम्ही फोनला पुन्हा शून्यातून उघडायला लावता.

दुसरं, खरंच महत्त्वाची दोन-तीन ॲप्स निवडा: औषधं, अलार्म, कामाचं ॲप. त्यांच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी वेगळी असते, तीही द्या. सगळ्याच ॲप्सना दिलीत तर मात्र कोणालाच न दिल्यासारखं होईल.

तिसरं, ‘फोर्स स्टॉप’ जपून. ते केलं की तुम्ही स्वतः उघडेपर्यंत त्या ॲपची नोटिफिकेशन येत नाहीत. मेसेज आला आणि कळलंच नाही, याचं एक कारण हे असू शकतं.

चौथं, नवा फोन घेताना ‘+’च्या आधीचा आकडा बघा. प्रोसेसरच्या नावापेक्षा तोच जास्त दिवस साथ देतो.

आणि रिव्ह्यू लिहिताना, सर्व्हिस सेंटरला तक्रार करताना थेट विचारा: माझं ॲप कोणत्या नियमाने बंद केलं? अँड्रॉइडकडे त्याची नोंद ठेवण्याची सोय आहे. ती आपल्यापर्यंत साध्या भाषेत पोहोचवणं कंपन्यांना अवघड नाही. वीज गेली तर फोन करून कारण विचारतो ना आपण? पैसे मोजून घेतलेल्या रॅममधून आपलं ॲप कोणी उठवलं, हेही विचारायला हरकत नाही.