बागेला रॅम्प आहे, पण मातीपर्यंत हात पोहोचतो का?

तुमच्या जवळची महापालिकेची बाग आठवा. दुचाकी आत येऊ नये म्हणून अनेक बागांच्या गेटवर लोखंडी पाइप आडवेतिडवे लावलेले असतात. त्यांनी स्कूटर अडते, पण व्हीलचेअरही तिथेच अडते. समजा गेट पार झालं आणि रॅम्पही मिळाला, तरी पुढे काय? बाक, वॉकिंग ट्रॅक आणि 'फुले तोडू नका'चा बोर्ड. म्हणजे बाग फक्त बघायची.

ज्यांना रोप लावायचंय, माती चाळवायचीय, चार मिरच्या स्वतः तोडायच्यात, पण गुडघे किंवा पाय साथ देत नाहीत, त्यांचा विचार सहसा कुणी करत नाही. आणि ही माणसं थोडीथोडकी नाहीत. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 2.68 कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यापैकी सुमारे 54 लाख चालण्या-फिरण्याशी संबंधित दिव्यांगत्व असलेल्या. गुडघे बदललेले आजी-आजोबा या आकड्यात बहुतेक येतच नाहीत.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्याचं कलम 29 सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाबद्दल आहे. मनोरंजनात सहभागी होता यावं म्हणून सहाय्यक साधनं विकसित करणं हेही त्यात सरकार आणि स्थानिक संस्थांचं काम म्हणून लिहिलंय. तेव्हा 'बागकाम हा छंद आहे, त्यात हक्क कसला?' हा प्रश्न कायद्याने कधीच निकाली काढलाय.

अडचण अंमलबजावणीची होती. 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नेमकं यावरच बोट ठेवलं. कायद्याला सक्तीचे निकष हवे होते, पण 2017 च्या नियमावलीतल्या नियम 15 ने प्रत्यक्षात शिफारशीच पुढे केल्या, असं म्हणत कोर्टाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला. केंद्राने तीन महिन्यांत किमान सक्तीचे निकष ठरवावेत, असा आदेशही दिला. ती मुदत फेब्रुवारी 2025 मध्ये संपली.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. निकषांची चर्चा रॅम्प, लिफ्ट आणि टॉयलेटभोवतीच फिरली, तर बाग गेटपाशीच संपेल.

अडतं नेमकं कुठे?

आपलं सगळं बागकाम उकिडवं बसून होतं. खुरपं घ्या, त्याची मूठ वीतभर. वाफा जमिनीलगत. कुंड्या भिंतीकडेला खाली, एकीमागे एक. दहा लिटरची भरलेली झारी म्हणजे दहा किलोंहून जास्त वजन. व्हीलचेअरवरच्या माणसाला किंवा गुडघा न वाकणाऱ्याला यातलं काहीच जमत नाही.

उपाय साधा आहे. माणसाला खाली वाकवण्याऐवजी माती वर आणायची. व्हीलचेअर वाफ्याला समांतर लावून काम करायचं असेल तर साधारण 60 सेंटीमीटर उंची पुरते. समोरासमोर बसायचं असेल तर वाफा टेबलासारखा हवा, खाली गुडघे जातील असा. उभं राहता येतं पण वाकता येत नाही, अशांना कंबरेएवढी उंची सोयीची. हात एका बाजूने साधारण 60 सेंटीमीटरच पोहोचतो, त्यामुळे भिंतीला लागून असलेला वाफा त्याहून रुंद करून उपयोग नाही. व्हीलचेअर वळवायला दीड मीटर मोकळी जागा लागते आणि वाट कडक, सपाट लागते. खडी किंवा वाळू टाकली की चाकं रुतलीच.

हे वाचून परदेशी फॅड वाटत असेल, तर अंगणातलं तुळशी वृंदावन आठवा. कंबरेएवढा उंच वाफाच तो, कित्येक पिढ्यांपासून आपल्याकडे आहे!

कुणी करून दाखवलंय?

अमेरिकेत शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये 1999 पासून ब्यूलर एनेबलिंग गार्डन आहे. वेगवेगळ्या उंचीचे वाफे, बसून काम करता येतील अशा उभ्या भिंतींवरची लागवड आणि विहिरीवरच्या कप्पीसारख्या दोरीने खाली ओढता येणाऱ्या टांगत्या कुंड्या तिथे आहेत. तिथल्या हॉर्टिकल्चरल थेरपी विभागाचं काम वर्षानुवर्षं सांभाळणारे जीन रोथर्ट स्वतः व्हीलचेअर वापरायचे.

आपल्याकडे नागपूरच्या पारडी भागातल्या 'अनुभूती' या समावेशक उद्यानाची घोषणा 2023 मध्ये झाली. सुमारे 90 हजार चौरस फुटांच्या या आराखड्यात स्पर्श आणि गंधाची बाग आहे. चांगलंच आहे. पण एक मोठं खास उद्यान झालं म्हणून गल्लीतल्या बागेचं गेट सुटत नाही.

घरी, सोसायटीत काय करता येईल?

निळा प्लास्टिक ड्रम आडवा कापून लोखंडी स्टँडवर ठेवला की टेबलाएवढा वाफा तयार होतो. मात्र ओली माती प्रचंड जड असते, त्यामुळे गच्चीवर किंवा बाल्कनीत कोकोपीट आणि गांडूळ खताचं हलकं मिश्रण वापरा आणि वजनाबद्दल इंजिनिअरला आधी विचारा. खुरप्याला लांब दांडा वेल्डिंगवाला बसवून देतो. झारीऐवजी पाइप किंवा ठिबकची नळी लावली तर पाणी उचलायचा प्रश्नच मिटतो.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल तर पोडियम गार्डनचा नकाशा मागून घ्या. त्यात दोन वाफे उंच आहेत का आणि लिफ्टपासून तिथवर एकही पायरी नाही ना, हे स्लॅब पडायच्या आधी विचारा. नंतर तेच काम करायचं तर वजनाचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो, आणि खर्च सोसायटीच्या खिशातून जातो.