८८ गुणांची वाइन, ४२ अंशांचं गाव

रेड वाइनला शंभरपैकी गुण देणाऱ्या मंडळींना एकदा मे महिन्यात अंबाजोगाईला बोलवायला हवं. रात्री नऊला गच्चीवर बसवावं, फरशी अजून पायाला चटके देत असताना. आणि विचारावं, ‘रूम टेम्परेचरला प्या’ म्हणता ती रूम कुणाची?

ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपले परीक्षक ही सूचना जशीच्या तशी उतरवून काढतात. मग बीड जिल्ह्यातला हौशी माणूस ३५ अंशांची शिराझ तोंडात घेतो आणि आपल्याला वाइन कळत नाही असं ठरवून टाकतो. खरं तर त्याला ती बरोबर कळलेली असते. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलची धग आधी नाकात जाते आणि फळ मागे राहतं. बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवा, एवढं एक वाक्य कुणी लिहिलं असतं तर त्याचे आठशे रुपये वसूल झाले असते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाच जणांनी चार बाटल्या आणल्या, सगळ्या हजार-बाराशेच्या आतल्या. नाशिकची शिराझ, नाशिकचीच कॅबरने, अकलूजकडची सांजोव्हेझे आणि बंगळूरजवळच्या नंदी हिल्सची कॅबरने-शिराझ. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर आकडे टाकले, सगळ्या सारख्याच गार केल्या. इंटरनेटवर जिला सर्वांत जास्त गुण होते, ती आमच्यात शेवटची आली. शिजवलेल्या मनुकांसारखा वास येत होता तिला. ती दुकानाच्या काचेत, पश्चिमेच्या उन्हात उभी होती हे मी आणतानाच पाहिलं होतं. परीक्षकाने चाखलेली वाइन आणि ही वाइन यांच्यात फक्त लेबल सारखं होतं.

गुण मुळातच किती भरवशाचे, हेही पाहू. रॉबर्ट हॉजसन या कॅलिफोर्नियातल्या वाइन उत्पादकाने तिथल्या स्टेट फेअरच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. २००८ साली त्याचा निबंध आला. आपलंच मत एका पदकाच्या मर्यादेत टिकवू शकलेले परीक्षक निघाले जेमतेम दहा टक्के. त्याआधी २००१ मध्ये फ्रेदेरिक ब्रोशेने बोर्दोत पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळला, आणि वाइनचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. हे परीक्षक लबाड नव्हते. जीभच अशी आहे. पण मग ८७ आणि ८८ यांत फरक असल्याचा आव तरी आणू नका.

माझा खरा राग मात्र शब्दांवर आहे. ब्लॅककरंट, सीडर, सिगारची पेटी. ज्याने ब्लॅककरंट आयुष्यात पाहिलं नाही तो ज्याने पाहिलं नाही त्याला सांगतो, की यात ब्लॅककरंट आहे! गंमत म्हणजे अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये डेव्हिसच्या विद्यापीठात जे ‘अरोमा व्हील’ काढलं, त्यामागची पद्धत अगदी घरगुती होती. साध्या वाइनमध्ये खरं फळ, जॅम, मसाला घालून ठेवायचा, हुंगायचा, नाव पक्कं करायचं. आपण यादी उचलली आणि पद्धत सोडून दिली. ती पद्धत अंबाजोगाईच्या मंडईत आणि किराणा दुकानात सहज जमते. जांभूळ, लवंग, काथ, नव्या वहाणेचं चामडं. तंबाखूचा वास तर आम्हाला शिकवायलाच नको.

आमच्यातला एक जण पंधरा हंगाम अकलूजकडे ऊस तोडायला गेलेला. सांजोव्हेझेचा घोट घेऊन तो म्हणाला, “गाभुळलेल्या चिंचेवानी लागायलंय.” त्या वाइनच्या आंबटपणाबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. वाइन अकलूजची आहे कळल्यावर म्हणाला, “आमच्या फडाशेजारी द्राक्षं होती की. त्याची ही होती हे कुणी सांगितलं न्हाई.” ऊसतोडीचा हंगाम आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी, दोन्ही जानेवारी-फेब्रुवारीत चालू असतात. लेबलाच्या मागे त्या प्रदेशाची माती, ऊन, थंड रात्री सगळं छापलेलं असतं. प्रदेशाचं वर्णन तेवढ्यावर संपतं.

कुणी म्हणेल, हजार रुपये मोजणाऱ्याला काही तरी आधार नको का? हवा ना. पण आधार द्यायचा तर पूर्ण द्या. बाटली कशी ठेवली होती, किती गार करून प्यायली, सोबत काय खाल्लं. ठेच्याबरोबर तुरट कॅबरने घेतली की तोंडाची आग दुप्पट होते, हे कुठल्या आकड्यात बसवाल? जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय झाला तेव्हा वाइन दारू आहे की नाही यावर महाराष्ट्र आठवडेच्या आठवडे भांडला. ती लागते कशी, यावर एक ओळ कुणी बोललं नाही.

शेवटी मी वही काढून त्या ऊसतोड्या मित्राला म्हटलं, दहापैकी गुण दे. तो म्हणाला, “मार्क शाळंत. चिंचेची उरली का?”