शाळांच्या प्रयोगशाळांत साठलेल्या घातक रसायनांच्या विल्हेवाटीबाबत निवेदन

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : माध्यमिक शाळांतील जुनी सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस आदी रसायने शासनामार्फत उचलून नेण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे अनुदानित माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षक व प्रयोगशाळा सहायक आहोत. कालबाह्य रसायनांचे निर्लेखन करण्याच्या सूचना आम्हांला मिळतात. त्यानुसार नोंदवहीत लाल शाईने रेघ मारली जाते, सही-शिक्का होतो आणि बाटली मात्र कपाटात होती तिथेच राहते. ती न्यायला कोणी येत नाही. भंगारवालाही घेत नाही, आणि त्याने घेतली तर आम्हांलाच जास्त भीती वाटेल.

सोडियमचीच गोष्ट घ्या. ते रॉकेलमध्ये बुडलेले असावे लागते. रेशनवरचे रॉकेल जवळजवळ बंद झाले, बाटलीतले हळूहळू उडत गेले, आणि तुकड्यांची वरची टोके उघडी पडून त्यांवर पांढरे कवच चढले. अशा कपाटावर पावसाळ्यात पत्रा गळला तर काय होईल हे विज्ञान शिक्षकाला सांगावे लागत नाही : पाण्याशी संयोग होताच हायड्रोजन सुटतो आणि त्याच उष्णतेने पेट घेतो. पोटॅशियम याहून वाईट. जुन्या तुकड्यावर पिवळसर थर दिसू लागला की तो चाकूने कापतानाही स्फोट होऊ शकतो. पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवतात. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना ते पाणी आटते, आणि हवेत उघडा पडलेला फॉस्फरस साधारण 30 अंश सेल्सिअसच्या पुढे आपोआप पेटतो. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. काही जुन्या शाळांत पिक्रिक आम्लही आहे. ते सुकले की स्फोटक होते आणि झाकणाच्या आट्यांत अडकलेले कण नुसत्या घर्षणानेही उडू शकतात.

‘विहिरीत टाका’, ‘मैदानात पुरा’ असे सल्ले आम्हांला तोंडी मिळाले आहेत. लेखी कोणी देत नाही, यातच सारे आले. घातक कचऱ्याविषयीच्या 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार असा कचरा अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. पण पाव किलो सोडियमसाठी अधिकृत वाहन बोलावणे एकट्या शाळेला परवडत नाही, आणि एसटीने पाठवण्याची ही वस्तू नव्हे.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने तालुकानिहाय दिवस ठरवून, मंडळाची परवानगी असलेल्या वाहतूकदाराने प्रशिक्षित माणसांसह प्रत्येक शाळेत येऊन ही रसायने उचलावीत. एका केंद्रावर ‘आणून द्या’ असे सांगू नये. धोका नेण्यातच आहे. याचा खर्च वेतनेतर अनुदानातून कापू नये. त्या अनुदानात वर्षभराचे खडू आणि वीजबिल भागवतानाच मुख्याध्यापकांची दमछाक होते.

मोहीम सुरू होईपर्यंत, कोणत्याही शाळेने ही रसायने पाण्यात, मोरीत वा जमिनीत टाकू नयेत आणि पिक्रिक आम्लाची बाटली उघडून पाहू नये, असे लेखी परिपत्रक तातडीने काढावे. पोटॅशियमवर पिवळा थर दिसला तर ती बाटलीही हलवू नये. सोडियमपुरता तात्पुरता उपाय म्हणजे बाटलीत औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन भरणे. आगीसाठी शेजारी कोरड्या वाळूची बादली हवी. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर सोडियमच्या आगीवर चालत नाही.

आणखी एक. जुना साठा खरेपणाने जाहीर करणाऱ्या प्रयोगशाळा सहायकावर ‘इतकी वर्षे का ठेवलेत’ म्हणून कारवाई होणार नाही, अशी हमी त्याच परिपत्रकात असावी. नाहीतर याद्या कोऱ्याच येतील.

पुढील खरेदीत सोडियम 25 ग्रॅमच्या आतच घ्यावे आणि बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिणे सक्तीचे करावे.

येत्या उन्हाळी सुट्टीपूर्वी निर्णय घ्यावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
विज्ञान शिक्षक व प्रयोगशाळा सहायक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

सोबत : शाळानिहाय जुन्या रसायनांची यादी
प्रत : मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई