घरचा साठवण-सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवावा का?

परदेशात संसार मांडला की काही वर्षांतच डिजिटल पसारा वाढू लागतो. मुलांचे जन्मापासूनचे फोटो, आजी-आजोबांशी झालेल्या व्हिडिओ कॉलची रेकॉर्डिंग, दोन देशांतली करांची कागदपत्रं, व्हिसाची फाइल, गावाकडच्या सातबाऱ्याची स्कॅन केलेली प्रत. हे सगळं चार फोन, दोन लॅपटॉप आणि क्लाउड यांत विखुरलेलं असतं. मग तुमच्यातला तंत्रज्ञ जागा होतो. जुना संगणक, तीन-चार हार्ड डिस्क, आणि घरातल्या सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येईल असा साठवण-सर्व्हर, म्हणजेच नॅस.

लगेच पुढचा विचार येतो. हा संगणक दिवसभर नुसत्या फायलीच का सांभाळत बसेल? त्यावर प्रॉक्समॉक्ससारखा हायपरव्हायझर टाकला, तर एकाच खोक्यात अनेक व्हर्च्युअल मशीन चालतील: एकात ट्रूनॅस, दुसऱ्यात घरातल्या दिव्यांचं नियंत्रण, तिसऱ्यात शिकण्यासाठी लिनक्स. मोह समजण्यासारखा आहे. ४० वॅट खाणारा संगणक वर्षभर चालू ठेवला, तर सुमारे ३५० युनिट वीज लागते. युनिटला २५ पेन्स धरले तर ८८ पौंडांच्या आसपास. दोन संगणक म्हणजे दुप्पट खर्च, शिवाय लहानशा फ्लॅटमध्ये पंख्यांची दुप्पट घरघर.

इंटरनेटवर याची दोन टोकाची उत्तरं मिळतात: ‘अजिबात करू नका’ आणि ‘आम्ही कधीपासून करतोय, काही होत नाही’. मला दोन्ही अपुरी वाटतात. माझं मत असं, की नॅस व्हर्च्युअल मशीनमध्ये जरूर ठेवा, पण डिस्क आणि त्या डिस्कचा हिशेब ठेवणारी फाइल सिस्टिम यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ येऊ देऊ नका. ते जमत नसेल, तर नॅस सरळ प्रत्यक्ष संगणकावरच चालवा.

आता हे का, ते पाहू.

व्हर्च्युअल मशीनची कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० जाहीर केलं, तेव्हाच एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणं हा व्यवसाय झाला होता. घरगुती संगणकांना हे सहज जमू लागलं ते २००५-०६ नंतर, इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच तशी सोय दिल्यावर. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं आणि प्रॉक्समॉक्स त्याच्यावरच उभं आहे. या तंत्राचं मर्म एवढंच, की आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपण खऱ्या यंत्रावर आहोत असं वाटत राहावं. प्रोसेसर आणि मेमरीच्या बाबतीत हा भास निरुपद्रवी असतो. साठवणीच्या बाबतीत तो तितकासा निरुपद्रवी नाही.

ट्रूनॅस वापरतं ती झेडएफएस ही फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांच्या पुढाकाराने तयार झाली आणि २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुली झाली. तिचा स्वभाव संशयी आहे. डिस्क सांगते ते ती खरं मानत नाही. प्रत्येक ब्लॉक लिहिताना ती त्याची बेरीज-खूण, म्हणजे चेकसम काढते आणि ती त्या ब्लॉकशेजारी न ठेवता त्याच्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. वाचताना खूण जुळली नाही, तर आरशासारख्या ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत आणते आणि बिघडलेली दुरुस्त करते. दहा वर्षं कुणी न उघडलेला फोटो गुपचूप सडू नये, यासाठी यापेक्षा चांगली सोय घरगुती पातळीवर क्वचितच मिळेल.

पण या व्यवस्थेला खरी डिस्क दिसावी लागते. तुम्ही तिला दोन आभासी डिस्क दिल्या आणि त्या दोन्ही एकाच खऱ्या डिस्कवरच्या फायली असतील, तर तिला वाटेल आपल्याकडे दोन प्रती आहेत. ती एक डिस्क गेली की दोन्ही प्रती एकदमच जातील. खऱ्या डिस्कची तब्येत सांगणारी ‘स्मार्ट’ माहितीही आभासी डिस्कमधून आत पोचत नाही. म्हणजे डिस्क महिनाभर कुरकुरत असली, तरी नॅसचा पडदा हिरवाच.

दुसरा मुद्दा पोचपावतीचा. महत्त्वाचं काही लिहिलं, की फाइल सिस्टिम खाली आदेश सोडते: ‘हे कायमचं लिहून झालं की कळव.’ हो आलं की ती पुढची पायरी गाठते. आता सोसायटीच्या वॉचमनने तुमचं रजिस्टर्ड पत्र सही करून घेतलं आणि स्वतःच्या खणात ठेवलं अशी कल्पना करा. पाठवणाऱ्याच्या लेखी पत्र पोचलं, तुमच्या हातात मात्र काही नाही. आजचे चांगले हायपरव्हायझर नेहमीच्या सेटिंगवर हा आदेश प्रामाणिकपणे खालपर्यंत पोचवतात. पण वेग वाढवण्यासाठी डिस्क कॅशचा जो ‘अनसेफ’ पर्याय असतो, त्यात हा आदेश चक्क दुर्लक्षिला जातो. नेमकी तेव्हाच वीज गेली, तर पोचपावती आहे आणि पत्र नाही अशी अवस्था.

यावरचा उपाय माहितीचा आणि पक्का आहे: डिस्क एकेक करून न देता त्या ज्याला जोडल्या आहेत तो कंट्रोलरच संपूर्णपणे व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करायचा. यालाच पासथ्रू म्हणतात. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डमध्ये आयओएमएमयूची सोय लागते. इंटेलच्या भाषेत व्हीटी-डी. बरेच जण एलएसआय ९२११-८आय सारखं जुनं एचबीए कार्ड घेतात आणि त्यात ‘आयटी मोड’चं फर्मवेअर घालतात, म्हणजे कार्ड स्वतःची रेड-हुशारी न दाखवता डिस्क जशाच्या तशा पुढे करतं. हायपरव्हायझर स्वतः एनव्हीएमई डिस्कवर असेल, तर काही मदरबोर्डांवरचा साटा कंट्रोलरही असाच देता येतो. मग नॅसला खऱ्या डिस्क दिसतात आणि यजमान संगणकाला त्या दिसेनाशा होतात. ही दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची.

इथे एक सापळा आहे. अनेक व्हिडिओंमध्ये प्रॉक्समॉक्सला एका ओळीची आज्ञा देऊन एकेक डिस्क व्हर्च्युअल मशीनला जोडतात आणि त्यालाही ‘पासथ्रू’च म्हणतात. ते खरं पासथ्रू नव्हे. मध्ये आभासी थर राहतोच, स्मार्टची माहिती आत येत नाही, आणि यजमानालाही त्या डिस्क दिसत राहतात. प्रॉक्समॉक्सला झेडएफएस येतं. त्याने तोच पूल उघडला आणि आतल्या ट्रूनॅसनेही उघडला, तर एकाच वहीत दोन कारकून एकमेकांना न विचारता खाडाखोड करू लागतात. असा पूल पुन्हा उघडेलच याची खात्री नाही.

पासथ्रूची किंमतही मोजावी लागते. त्या व्हर्च्युअल मशीनला दिलेली सगळी मेमरी तिच्यासाठीच अडकून पडते, आणि ते चालू स्थितीत दुसऱ्या संगणकावर हलवता येत नाही. म्हणजे व्हर्च्युअल असण्याचे जे फायदे सांगितले जातात, त्यांतले काही नॅसपुरते तुम्ही सोडूनच दिलेले असतात. शिवाय इतर व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क याच नॅसवर ठेवल्या, तर सुरू होताना कोंबडी आधी की अंडं आधी हा प्रश्न येतो: नॅस उठल्याशिवाय बाकीचे उठू शकत नाहीत. ते टाळायला त्या डिस्क यजमानाच्या स्वतःच्या एसएसडीवर ठेवाव्यात.

म्हणून जुन्या संगणकात आयओएमएमयूची सोय नसेल, तर हट्ट करू नका. उलट मांडणी करा: ट्रूनॅस थेट संगणकावर आणि छोटे प्रयोग त्याच्यावर. त्याची लिनक्सवर आधारलेली आवृत्ती स्वतःही व्हर्च्युअल मशीन चालवते. साठवण तळाशी राहिली की वरचे प्रयोग मोडले तरी फोटो जागेवर राहतात.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तंत्राची नाही, माणसाची. असे सर्व्हर बहुधा घरातल्या एकालाच कळतात. ती व्यक्ती भारतात गेली, आजारी पडली किंवा उद्या नसलीच, तर बाकीच्यांना स्वतःचेच फोटो काढता येतील का? प्रत्येक नवा थर म्हणजे या वाटेवरचं आणखी एक कुलूप.

म्हणून एका शनिवारी ही परीक्षा घ्या. सर्व्हर रीतसर बंद करा. डिस्क दुसऱ्या कुठल्याही संगणकाला जोडा, झेडएफएस असलेलं लिनक्स यूएसबीवरून सुरू करा आणि पूल फक्त वाचण्यापुरता उघडून बघा. कंट्रोलर खरोखर पासथ्रू केलेला असेल, तर हायपरव्हायझर नसतानाही पूल उघडला पाहिजे. दोन ठिकाणी ठेच लागू शकते. तुमच्या पूलवर नवी वैशिष्ट्यं चालू असतील, तर झेडएफएसची जुनी आवृत्ती तो उघडेलच असं नाही. आणि पूल कूटबद्ध असेल आणि त्याची किल्ली फक्त त्या व्हर्च्युअल मशीनच्या आतच पडलेली असेल, तर डिस्क धडधाकट असूनही हाती काही लागणार नाही. ही किल्ली आणि चार ओळींची कृती मराठीत कागदावर लिहून पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवा.

आणि इतकं करूनही हा बॅकअप नव्हे. आरशासारख्या दोन डिस्क एका डिस्कच्या मृत्यूपासून वाचवतात. चुकून पुसलेल्या फोल्डरपासून, चोरीपासून, आगीपासून नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम आजही उत्तम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. आपल्यासारख्यांकडे ती दुसरी जागा आयती असते: पुण्याचं किंवा नाशिकचं घर. फक्त सुरुवात इंटरनेटवरून करू नका. २० एमबीपीएसच्या अपलोडने १ टेराबाइट पाठवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात, तेही अखंड. पुढच्या भारतवारीत कूटबद्ध केलेली एक डिस्क हातातल्या बॅगेतून न्या आणि आईच्या कपाटात ठेवा. दर खेपेला नवी डिस्क नेऊन जुनी परत आणा.

हे तिन्ही जमत असेल, म्हणजे कंट्रोलर पूर्ण हवाली केलेला, पूल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेला आणि एक प्रत दुसऱ्या घरात, तर नॅस खुशाल व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा. त्यात शिकायला भरपूर मिळतं. यातलं एकही बाकी असेल, तर आधी ते करा. हायपरव्हायझरची मजा महिनाभर थांबू शकते.