गणिताच्या तासाला मुलांना बोलू द्या

गणिताचा तास म्हणजे शांततेचा तास, ही समजूत आपल्या जुन्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पावकी, निमकी, दीडकी मुखोद्गत असणाऱ्या आजोबांचा अभिमान इंदूर-बडोद्याच्या घरांत अजून सांगितला जातो, आणि तो रास्तही आहे. परंतु त्यातून आपण एक भलताच निष्कर्ष काढला: दुसऱ्याने शोधलेले उत्तर बिनचूक व झटपट सांगणे म्हणजेच गणित. वर्गात मुले आपापसांत चर्चा करू लागली, की ‘अभ्यासक्रम पुरा कधी होणार?’ असे विचारणारे पहिले पालक आपणच. या वृत्तीने मुलांचे नुकसान होते, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

दाखला घरचाच घेऊ. देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली एक नवल उजेडात आणले. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करावी; उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे तीच येत राहते.

हे फळ्यावर लिहून ‘लक्षात ठेवा’ म्हणणे दोन मिनिटांचे काम. त्याऐवजी शेवट न सांगता चार-चार मुलांच्या गटांना हवी ती संख्या निवडू द्यावी. ३५२४ घेणारा तिसऱ्या वजाबाकीत ६१७४ला पोहोचेल, २००५ घेणाऱ्यास सात लागतील. वह्या शेजारी ठेवल्यावर ‘सगळ्यांचे तेच कसे?’ हे मुलेच विचारतील. २१११ घेणाऱ्यांत तर भांडणच लागेल. पहिली वजाबाकी ९९९. ती तीन अंकी मानली तर पुढे शून्य. ०९९९ अशी लिहिली तर पाचव्या वजाबाकीत ६१७४. येथे शिक्षकाने निवाड्याची घाई करू नये. नियम नेमक्या शब्दांत का बांधावा लागतो, हे त्या भांडणातून जसे उमगते तसे व्याख्या घोकून उमगत नाही.

मग कोणी दोन अंकी संख्या घेऊन पाहील. तेथे एकच संख्या हाती लागत नाही. ६३, २७, ४५, ०९, ८१ असे चक्र फिरत राहते. सगळ्यांना नऊने भाग जातो. का? दशक-एककाची अदलाबदल झाली, की फरक अंकांतील अंतराच्या नऊपट होतो. बारा वर्षांच्या मुलांनी आपसांत बोलून गाठलेली ही सिद्धताच होय.

यावर आक्षेप येतो, की हुशार मूल करते आणि बाकीचे पाहतात. प्रत्येकाला वेगळी संख्या दिली, तर सर्वांची उत्तरे हाती आल्याशिवाय गटाला अनुमान बांधताच येत नाही. पाठांतराशीही वैर नाही. वजाबाकी कच्ची असेल तर दुसऱ्याच पायरीवर गाडी अडेल. मुलांच्या विचाराचे गणितीकरण व्हावे, हे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५मध्येच सांगितले होते. आराखडा बदलला, तरी घराघरांतला प्रश्न ‘किती गुण मिळाले?’ हाच राहिला.

आपली मंडळे घड्याळ लावून गणिताच्या स्पर्धा घेतात, मुलांना एकमेकांपासून दूर बसवतात. एका वर्षी तरी चौघांना एका सतरंजीवर बसवावे, एक प्रश्न द्यावा आणि घंटा कपाटात ठेवावी. घरी परतल्यावर गुण विचारू नयेत. भांडण कशावरून झाले, ते विचारावे.