कांदा चाळीत सडतो, पण बिघडतो शेतात

उन्हाळी कांदा चाळीत भरायचा आणि दिवाळीपर्यंत भावाची वाट पाहायची, या धंद्यात आमच्या अनेक व्यापारी बांधवांचे भांडवल दरवर्षी गुंतते. माल सडला की दोष पावसाला, चाळीला किंवा नशिबाला दिला जातो. आमच्या मते हा हिशेब आणखी मागे, शेतात पडलेल्या युरियापर्यंत न्यायला हवा.

नत्राशिवाय पीक नाही, हे खरे. ते कमी पडले तर पात पिवळी पडते व कांदा बारीक राहतो. पण नत्र टाकले म्हणजे ते पिकाला मिळालेच असे नाही. जमिनीतील जिवाणू युरियाचे आधी अमोनियम व मग नायट्रेट करतात आणि मुळे ते शोषून घेतात. कांद्याची मुळे आखूड, फाटे कमी. बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात. नायट्रेट तर पाण्याबरोबर वाहते. सगळ्या गोण्या एकदम ओतल्या की त्यातले बरेचसे नत्र मुळांच्या खाली निघून जाते.

उशिरा दिलेल्या नत्राचे नुकसान वेगळेच. पात वाढतच राहते, कांदा वेळेवर पक्व होत नाही, मान जाड व ओली राहते. अशा मानेतूनच कूज आत शिरते. लिलावात टपोरा दिसलेला कांदा ऑगस्टमध्ये पाणी सोडतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे : निम्मे लागवडीच्या वेळी, उरलेले दोन हप्त्यांत, साधारण दीड महिन्याच्या आत. सगळे युरियातून द्यायचे म्हटले तरी ४५ किलोच्या पाच गोण्याही पुरत्या लागत नाहीत.

मग शेतकरी जास्त का टाकतो? अनुदानामुळे युरिया स्वस्त पडतो, हे एक कारण. दुसरे कारण आपण व्यापारीच आहोत. लिलावात आपण आकार पाहून बोली चढवतो, टिकाऊपणाला दमडीही जास्त देत नाही. मग त्याने आकारच का पिकवू नये?

तेव्हा साठवणीचा माल घेताना मान चिमटीत दाबून पाहावी, शेवटचा युरिया कधी दिला ते विचारावे आणि बारीक, सुकल्या मानेच्या मालाला चार पैसे जास्त मोजावेत. सडका माल निवडून फेकायची मजुरी शेवटी आपल्याच खिशातून जाते.